पहिलं एअर पिस्तूल जुनं घ्यावं का?

रेंजवर नाव घातलं की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न येतोच. कुणी सीनियर नेमबाज आपलं पिस्तूल काढतोय, निम्म्या किमतीत देतोय, घेऊन टाकावं का? १० मीटर एअर पिस्तूलसाठी नवं परदेशी मॅच पिस्तूल (सामन्यासाठी बनवलेलं) घ्यायचं तर दीड-दोन लाखांची तयारी ठेवावी लागते, त्यामुळे मन जुन्याकडे ओढलं जाणारच. जुनं घेण्यात कमीपणा काहीच नाही. नळी धड असेल तर पंधरा वर्षं वापरलेलं पिस्तूलही नवशिक्याच्या हातापेक्षा कितीतरी अचूक मारतं. पैसे बुडतात ते नळीमुळे नाही, तर हवेचा सिलिंडर, ग्रिप (मूठ) आणि बाजारात न मिळणाऱ्या सुट्या भागांमुळे. म्हणून तपासणीचा जोर तिथे हवा.

त्याआधी एक गोष्ट. किमान तीन-चार महिने क्लबचंच पिस्तूल वापरा. आपल्या हाताला कोणत्या मापाची ग्रिप लागते हे पहिल्या महिन्यात कळतच नाही, आणि पिस्तूल सोडून रायफलकडे वळणारेही बरेच असतात. मॅच पिस्तूल साधारण एक किलोचं असतं, ते एका हातानं, कोपर न वाकवता धरायचं. घरी लिटरभर पाण्याची बाटली खांद्याच्या रेषेत दहा-बारा सेकंद धरून खाली ठेवायची, असं वीसेक वेळा करून पाहा. हात थरथरत असेल तर खरेदी थांबवा आणि खांदा तयार करा. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर आज बसलेली ग्रिप वर्षभरात लहान पडेल, हेही हिशेबात धरा.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा होते पावणेसहा ज्यूलच्या आत, म्हणजे मॅच पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली आहे. तरी मूळ बिल मागा. मेक, मॉडेल, सीरियल नंबर, तारीख आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडून साधा विक्रीलेख करा. सीरियल नंबर घासलेला दिसला तर बोलणं तिथेच संपवा. नेमबाज म्हणून सवलतीत आयात केलेलं पिस्तूल असेल, तर ते विकायला काही अट आहे का हे आयातीच्या कागदांवर पाहून घ्या. .२२ किंवा .३२ चं, काडतुसाचं पिस्तूल हा पूर्ण वेगळा मामला आहे. त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवानाधारकालाही ते परस्पर कुणाला विकता येत नाही. कुणी ‘कागद नंतर बघू’ म्हणत स्वस्तात देत असेल तर तो थेट फौजदारी गुन्हा आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आता प्रकार. आज रेंजवर दिसतात ती बहुतेक सगळी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी पिस्तुलं: श्टायर, मोरिनी, फाइनवर्कबाऊ, वाल्थर, पार्डिनी. नवशिक्यानं यांतलंच घ्यावं. त्यातही आपल्या रेंजवर ज्या कंपनीची पिस्तुलं जास्त आहेत तीच कंपनी निवडा. अ‍ॅडाप्टर (सिलिंडर भरताना लागणारा जोड) उसना मिळतो, ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) कुणाच्या तरी डब्यात असते, आणि बिघाड ओळखणारा माणूस शेजारच्या लेनवर उभा असतो. बालेवाडीत किंवा वरळीच्या रेंजवर सराव असेल तर हे सोपं जातं. तालुक्याच्या गावात चार लेनच्या रेंजवर असाल तर हाच मुद्दा किमतीपेक्षा मोठा ठरतो.

रशियन आयझेडएच-४६एम हे जुन्या बाजारातलं वेगळं प्रकरण. त्यात सिलिंडर नसतो, प्रत्येक शॉटला खालचा लिव्हर एकदा ओढून हवा दाबायची. अचूकता किमतीच्या मानानं फार चांगली, आणि हवा भरण्याची कटकट शून्य. पण सामन्यात ६० शॉट आणि त्याआधीचे सायटर (गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट) धरले तर लिव्हर ऐंशी-नव्वद वेळा ओढावा लागतो. मोठ्या माणसाला चालतं, शाळकरी मुलाचा हात तिसाव्या शॉटलाच दमतो. फाइनवर्कबाऊ ६५ सारखी स्प्रिंगची जुनी पिस्तुलं देखणी असतात, मात्र त्यांच्या पिस्टनची सील वर्षानुवर्षं पडून राहिली की भुगा होते, आणि ती बदलणारा कारागीर शोधावा लागतो. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी घेऊच नका: तापमानासोबत गॅसचा दाब बदलतो, त्यामुळे जानेवारीत लावलेली साइट (नेम धरायची खूण) मे महिन्यात चुकते. आणि ऑनलाइन मिळणारी, खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी छर्ऱ्यांची खेळणी या खेळासाठी नाहीतच.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? मोरिनी सीएम १६२ ईआय सारख्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लोण्यासारखा असतो, पण जुना सर्किट बोर्ड गेला तर दुरुस्ती गावात होत नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, त्यात मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर अंतिम फेरी हुकली. तिच्या मागे अख्ख्या संघाची यंत्रणा होती. आपल्या मागे नसते. पहिलं जुनं पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचंच बरं.

सिलिंडर

हा भाग हातात घेऊन, उजेडात वाचायचा. सिलिंडरच्या अंगावर दाब आणि निर्मितीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. दाब बहुतेकांचा २०० बार. वापराची मुदत कंपनी ठरवते आणि अनेक सिलिंडरना ती दहा वर्षांची असते, त्या मॉडेलची नेमकी मुदत कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मुदत संपलेल्या सिलिंडरवर सामना खेळता येत नाही, आणि सिलिंडर मुदतीत ठेवण्याची जबाबदारी नियमानं नेमबाजाचीच. मुळात तो अंगठ्याजवळ धरलेला उच्च दाबाचा नळकांडा आहे, तेव्हा ‘सरावाला चालतंय की’ हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या. मुदत दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत आजच खर्चात धरा. मॉडेल बंद पडलेलं असेल तर तो सिलिंडर मिळतो का हे आधी डीलरला फोन करून विचारा, मगच भावावर या.

गळतीची तपासणी एका रात्रीची. २०० बारपर्यंत भरून, पिस्तुलाला जोडून गेजचा फोटो घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. काटा हलायला नको. हलला असेल तर सिलिंडर सुटा करून पुन्हा एक रात्र ठेवा. तेव्हा काटा स्थिर राहिला तर गळती पिस्तुलाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा जोडाच्या ओ-रिंगमध्ये आहे, आणि ती बहुधा स्वस्तात सुटते. सुटा असतानाही गळत असेल तर दोष सिलिंडरचाच.

कोकण आणि मुंबईकडच्या पिस्तुलांना आणखी एक रोग असतो: पाणी. पावसाळ्यात हँडपंपनं हवा भरली की दमट हवेतली वाफ आत जाऊन पाणी होते, मग गंज आणि अडकणारा व्हॉल्व्ह. सिलिंडर अ‍ॅडाप्टरवर चढवून, चेहरा बाजूला ठेवून, थोडीशीच हवा सोडा आणि वीतभर अंतरावर चिमट्यात पांढरा टिश्यू धरा. टिश्यू कोरडा राहिला तर उत्तम, ओलसर झाला तर सर्व्हिसिंग, त्यावर तपकिरी ठिपके आले तर तो सिलिंडर बाद.

भरण्याचा अ‍ॅडाप्टर पिस्तुलासोबत मागून घ्या. आटे कंपनीगणिक वेगळे असतात आणि नेमका हाच तुकडा विक्रेत्याच्या कपाटात राहून जातो. जोडांना मशिनचं तेल किंवा साधं ग्रीस लावलेलं दिसलं तर नीट पुसून काढायला सांगा. हवा दाबली जाताना तापते आणि खनिज तेल त्यात पेट घेऊ शकतं. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही नखाला लागेल इतकंच.

ग्रिप आणि ट्रिगर

ग्रिप लाकडी, हाताच्या आकारात कोरलेली, एस-एम-एल अशा मापांत आणि उजवी-डावी वेगळी. तपासायची पद्धत सोपी आहे. रिकामं पिस्तूल नीट पकडा, टार्गेटच्या दिशेनं हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दहापैकी सात-आठ वेळा ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिप तुमच्या मनगटाला वळवतेय. थोडा फरक ग्रिपचे स्क्रू फिरवून जातो. ग्रिप जरा मोठी किंवा लहान असेल तर सँडपेपर आणि लाकडाची पुट्टी आहेच, निम्मी रेंज तेच करते. आधीच्या मालकानं स्वतःच्या हातासाठी खोल कोरून ठेवलेली ग्रिप मात्र दुरुस्त होत नाही, नवीच घ्यावी लागते. ग्रिपसकट अख्खं पिस्तूल सामन्याच्या नियमानं ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसायला हवं आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. पुट्टीचे थर चढवलेल्या ग्रिपा जाडीतच अडकतात.

ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा हवा. क्लबच्या इक्विपमेंट कंट्रोलमधलं (साहित्य नियमात आहे का ते तपासतात तिथलं) वजन मागा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, कॉक करा (ट्रिगर सुटायला तयार करा), नळी सरळ वर धरा आणि ट्रिगरच्या मध्यावर अडकवलेलं वजन टेबलावरून सावकाश उचला. तीन वेळा उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही, तर पास. मग नळी टार्गेटकडे करून पिस्तूल कॉक असतानाच ग्रिपवर तळहातानं दोन-तीन थापा मारा. आपोआप सुटलं तर कुणीतरी ट्रिगर नको तितका बारीक करून ठेवलाय. स्क्रूची डोकी पाहा: कडा चुरडलेल्या असतील तर पिस्तुलावर घरगुती प्रयोग झालेत, आतही तशीच अवस्था धरून चाला. ड्राय फायरची (छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबण्याची) सोय चालते का तेही पाहा, कारण घरचा सगळा सराव त्यावरच होणार आहे.

मारून पाहणं

हातात धरून मारलेल्या ग्रुपवरून (लागोपाठच्या शॉटच्या भोकांच्या झुबक्यावरून) पिस्तुलाची परीक्षा होत नाही, ती तुमचीच होते. नळीजवळची बॉडी वाळूच्या पिशवीवर टेकवा, सपाट डोक्याचे मॅच छर्रे घ्या, १० मीटरवर पाच शॉट. आरडब्ल्यूएस आर१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच यांपैकी जे मिळेल ते, पण एका ग्रुपसाठी एकाच डब्यातले. पाचही भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटका खड्डा दिसायला हवा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो, खड्डा त्यात सामावला पाहिजे. नाही सामावला तर दुसऱ्या कंपनीचे छर्रे वापरून बघा, काही नळ्या छर्ऱ्यांच्या बाबतीत चोखंदळ असतात.

ग्रुप उभा ताणलेला येत असेल तर संशय रेग्युलेटरवर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागावर. वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक पडला तर १० मीटरवर शॉट सुमारे चार मिमी खालीवर जातो. क्लबकडे क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा शॉट मोजा. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांत पाचेक मीटरचा फरक ठीक. मग पिस्तूल दहा मिनिटं ठेवून एक शॉट घ्या. तोच एकटा बराच वेगवान आला, तर रेग्युलेटर आतून हळूहळू दाब सोडतोय, सील किट लागणार. शेवटी मागची साइट दहा क्लिक डावीकडे नेऊन दहा क्लिक परत आणा, ग्रुप मूळ जागी यायला हवा.

आता कागद घ्या आणि बेरीज करा: मागितलेली किंमत, लागणार असेल तर सिलिंडर, ग्रिप, सील किट, अ‍ॅडाप्टर. ही बेरीज त्याच दर्जाच्या नव्या पिस्तुलाच्या सत्तर टक्क्यांवर गेली तर नवंच घ्या किंवा वर्षभर क्लबचं वापरा. चाळीस ते साठ टक्क्यांत बसत असेल तर सौदा चांगला. त्याखाली असेल तर एवढं स्वस्त का, हे विचारून घ्या. घासाघीस करताना मोघम ‘थोडं कमी करा’ म्हणू नका, सापडलेला प्रत्येक दोष आणि त्याचा खर्च समोर ठेवा. सिलिंडर एक रात्र तपासायला द्यायला विक्रेता तयार नसेल तर उठा.

घेतल्यावर जोडाच्या ओ-रिंगा एकदम बदलून टाका, त्या फार महाग नसतात. सिलिंडर सावकाश भरा, भरताना तो हाताला गरम लागू लागला तर थांबा. मे महिन्यात गाडीत विसरू नका. नेताना कडक केसमध्ये, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून, छर्रे वेगळ्या खिशात. सहा ज्यूलला परवाना लागत नसला तरी डोळा जायला तेवढे पुरतात, त्यामुळे घरात केसला कुलूप हवंच. आणि छर्रे शिशाचे असतात: सराव संपला की आधी साबणानं हात धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचा.