ट्रेकिंग पोलचं झिजलेलं टोक: कधी बदलायचं, कसं काढायचं, कसं बसवायचं

पोलचं टोक झिजलंय हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. धारदार टोक कातळावर ‘टक्’ वाजतं आणि टेकलं तिथेच थांबतं. झिजलेलं टोक ‘खर्र’ करत बोटभर सरकतं आणि मग थांबतं. कधीकधी थांबतही नाही. मला हा फरक एका ओल्या, तिरप्या कातळावरून उतरताना समजला. दोन्ही पोलवर भार टाकून पाय खाली सोडला आणि डावा पोल लोण्यावरून जावा तसा निसटला. लागलं काही नाही, पण पुढचा सगळा उतार बसूनच उतरलो. घरी येऊन टोक उजेडात धरलं तर त्याची खोलगट वाटी कधीच गेली होती. उरला होता मसुरीच्या डाळीएवढा गुळगुळीत ठिपका.

पोल मात्र ठणठणीत होता. झिजतं फक्त टोक, आणि ते वेगळं मिळतं. पोलची बनावटच अशी असते की खर्ची पडायचं ते टोकाने पडावं. बरेच जण ही वेळ इतकी लांबवतात की टोकाबरोबर नळीही खराब होते. मग नवं टोक घट्ट बसायला जागाच उरत नाही.

टिप म्हणजे नेमकं काय

दुकानात ‘टिप’ म्हणून मिळते ती दोन वस्तूंची जोडी असते. एक म्हणजे बोटाएवढी निमुळती प्लॅस्टिकची टोपी. पोलच्या सगळ्यात खालच्या नळीचं टोकही निमुळतं केलेलं असतं आणि त्यावर ही टोपी दाबून बसवलेली असते. बहुतेक पोलमध्ये तिला ना स्क्रू असतो ना खिळा, ती निव्वळ घर्षणावर टिकते. काही पोलमध्ये मात्र टिप आट्यांवर फिरवून बसते, तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे ते बघून घ्यावं. दुसरी वस्तू म्हणजे या टोपीच्या तळाशी रुतवलेला धातूचा छोटा दाणा. चांगल्या पोलमध्ये तो टंगस्टन कार्बाइडचा असतो, स्वस्त पोलमध्ये पोलादाचा.

भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलच्या पात्याला पुढे जो वेगळ्या रंगाचा तुकडा डकवलेला दिसतो, तेच हे कार्बाइड. क्रुप या जर्मन कंपनीने 1920च्या दशकात ते ‘विडिया’ या नावाने बाजारात आणलं. ‘हिऱ्यासारखं’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव जुळवलेलं आहे. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर कार्बाइड 9च्या आसपास येतं आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7वर. मग दगडापेक्षा कठीण असूनही हा दाणा झिजतो कसा? कारण तो अखंड नसतो. टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टमध्ये बांधून तो घडवलेला असतो. कोबाल्ट त्यामानाने मऊ. रेती आधी ते खरवडते, मग आधार सुटलेले कण एकेक करून निखळतात. शिवाय जितकं कठीण तितकं ठिसूळ, त्यामुळे दगडावर जोरात आपटलं की दाण्याच्या कडेचा टवका उडतो.

आपल्या पोलला कार्बाइड आहे की पोलाद, हे कळत नसेल तर टोकावर कानस एकदा हलकेच फिरवा. साध्या पोलादावर चकाकता ओरखडा उठतो, कार्बाइडवर कानसच घसरते. म्हणून झिजलेलं कार्बाइड घरी घासून धारदार करायचा नाद नको. साध्या कानशीने ते होत नाही, आणि हिऱ्याच्या कानशीने केलंच तर त्याची कोबाल्टमिश्रित धूळ श्वासातून आत जाणं चांगलं नाही.

बदलायची वेळ कशी ओळखायची

दाण्याकडे बघता तेवढंच बारकाईने प्लॅस्टिककडेही बघा. पोल नेहमी एकाच बाजूला कलता टेकतो, त्यामुळे प्लॅस्टिक एका अंगाने तासलं जातं, शार्पनरऐवजी ब्लेडने पेन्सिल तासावी तसं. ही झीज दाण्याच्या मुळाशी पोचली की दाणा कधी गळून पडेल सांगता येत नाही. दाणा पडल्यावर जे भोक उरतं त्यात चिखल भरतो, त्यामुळे तो पडलाय हेही चटकन लक्षात येत नाही. पुढे प्लॅस्टिक झिजत वर सरकतं आणि एक दिवस ॲल्युमिनियमची नळी थेट दगडावर घासू लागते.

टिपला वरच्या काठापासून उभी चीर गेली असेल, किंवा हाताने फिरवल्यावर ती नळीवर गर्रकन फिरत असेल, तर दाणा नवा असला तरी बदला. बास्केट, म्हणजे टोकाच्या थोडी वर असणारी गोल चकती, टिपवरच्या ज्या आट्यांवर बसते ते गेले असतील तरीही टिप बदलायला हवी. बास्केट फक्त बर्फासाठी असते असं समजून लोक ती काढून ठेवतात. खडकांच्या फटीत पोल वीतभर खोल जाऊन अडकू नये, हेही तिचंच काम. अडकलेल्या पोलवर अंगाचा भार आला की नळी मोडते.

एक टिप गेली म्हणजे दुसरीही जायच्या बेतात असते. जोडीच बदला.

नवी टिप निवडताना

इथे घाई नडते. टिप सगळ्या सारख्याच दिसतात, पण आतल्या भोकाचा व्यास आणि निमुळतेपणाचा उतार कंपनीगणिक वेगळा असतो. त्यामुळे शक्यतो त्याच कंपनीची, त्याच मॉडेलसाठी दिलेली टिप घ्यावी. ती मिळत नसेल तर आधी जुनी काढा, मग उघड्या नळीचा व्यास अगदी टोकाशी आणि निमुळता भाग संपतो तिथे असा दोन ठिकाणी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. तीन भागांच्या पोलमध्ये खालची नळी साधारण 12 किंवा 14 मिलिमीटरची असते. तो आकडा सरळ नळीचा आहे, टिप बसते त्या निमुळत्या टोकाचा नाही. फसगत नेमकी इथेच होते.

जुनी टिप काढणं

सगळ्या कामात किचकट भाग हाच. सामान मात्र घरातलंच लागतं: गरम पाण्याचं उभट भांडं, पक्कड, जाड कापड किंवा रबरी हातमोजे, एक मार्कर आणि हातोडी.

टिपचा वरचा काठ नळीवर जिथे येतो तिथे मार्करने सगळ्यात आधी बारीक रेघ मारा. नवी टिप पूर्ण बसली की नाही हे नंतर ही रेघच सांगणार आहे, म्हणून हे विसरू नका. मग बास्केट काढून घ्या. सरकत्या पोलमधून खालची नळी पूर्ण ओढून वेगळी करा. घडीच्या पोलमध्ये आतून दोरी गेलेली असते आणि काहींत ती खालच्या टोकाशी अडकवलेली असते. अशा पोलची टिप सूचनापत्रक वाचल्याशिवाय ओढू नये.

पाणी उकळून आच बंद करा आणि टिप पूर्ण बुडेल इतकी नळी त्यात चार-पाच मिनिटं उभी धरा. उष्णतेने प्लॅस्टिक नरम होतं आणि ॲल्युमिनियमपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली पडते. कार्बन फायबरची नळी असेल तर पाणी वाफाळतं असावं, उकळतं नको. तंतू धरून ठेवणारं रेझिन उष्णतेने नरमतं, म्हणून ती बुडवायची ती थोडाच वेळ, आणि लागलं तर पुन्हा एकदा. मेणबत्ती, लायटर, हीट गन यांच्या वाटेला कोणत्याच नळीच्या बाबतीत जाऊ नका.

बाहेर काढल्या काढल्या पकडीने टिप धरा. ती टाकूनच द्यायची आहे, तेव्हा पकडीचे दात रुतले तरी हरकत नाही. दुसऱ्या हाताने कापडात गुंडाळलेली नळी आवळा, टिप डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवा आणि सरळ रेषेत ओढा. वाकवू नका. जोडीला कुणी असेल तर एकाने नळी धरावी, दुसऱ्याने टिप. पाऊण मिनिटात सुटली नाही तर ती थंड होऊन पुन्हा आवळते, मग झटापट न करता परत पाण्यात घालायची.

पहिल्या खेपेला मी पाण्याची भानगड टाळून नळीच पकडीत धरली होती. टिप निघाली खरी, पण नळीचा गोल चपटा झाला आणि ती वरच्या नळीत सरकेना. व्हाइसमध्ये नळी आवळली तरी हेच होतं. कार्बनची नळी तर चपटी न होता आतून तडकते आणि तो तडा बाहेरून दिसतही नाही.

पाण्याने भागलं नाही तर पाना वापरा. ज्याचं तोंड नळीवर सैल बसेल पण टिपच्या काठावर अडेल असा उघड्या तोंडाचा पाना घ्या, तो काठाला टेकवा आणि हातोडीने खालच्या दिशेने हलके ठोके द्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एकाच बाजूने ठोकलं तर टिप तिरकी होऊन आणखी घट्ट बसते.

नवी टिप बसवणं

आता सोपं आहे. नळी आतून-बाहेरून पुसा आणि आत पाणी गेलं असेल तर ती उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. निमुळत्या भागावर जुन्या गोंदाचे कण किंवा रेती राहिली असेल तर ओल्या कापडाने काढा. सँडपेपर मारू नका, व्यास कमी होतो आणि टिप सैल बसते.

नवी टिप आधी कोरडीच चढवून बघा. ती रेघेच्या थोडी अलीकडे अडली तर माप बरोबर आहे. सहज रेघेपर्यंत जाऊन डुगडुगत असेल तर माप चुकलंय, परत करा. माप बरोबर असेल तर टिप मिनिटभर गरम पाण्यात ठेवा, पुसा, नळीवर सरळ दाबून बसवा. मग नळी उभी धरून लाकडाच्या ठोकळ्यावर तीन-चारदा आपटा. दगडावर किंवा फरशीवर नको, कार्बाइडचा टवका उडेल. पोल पूर्ण जोडूनही आपटू नका, सगळा दणका लॉकवर जातो. काठ रेघेला भिडला की काम झालं.

गोंद लावायचा का, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत: नाही. बरोबर मापाची टिप वापरात आपोआप आणखी घट्ट होत जाते, कारण प्रत्येक पावलागणिक आपण ती वर दाबतच असतो. एपॉक्सी लावलीत तर पुढच्या वेळी टिपबरोबर नळीही टाकायची तयारी ठेवा. चिखलात टिप निघून राहते अशी खरोखरच अडचण असेल तर ग्लू गनच्या गोंदाचा एक थेंब पुरतो. तो गरम पाण्याने सुटतो.

झीज लांबवायची तर

डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर टिपवर रबरी बूट, म्हणजे रबराची टोपी, चढवा. टिप सगळ्यात लवकर खातात ते हेच रस्ते. चिखलात आणि गवतात मात्र बूट काढा, तिथे रबर घसरतं. बुटाच्या आत डोकावून तळाची धातूची चकती जागेवर आहे ना तेही अधूनमधून बघा. ती गेली की कार्बाइड रबर भेदून बाहेर येतं आणि मग बूट असून नसल्यासारखा.

सपाटीवर पोल मागून फरफटत येत असेल तर लांबी चुकतेय किंवा गरजच नाहीये, सरळ उचलून घ्या. सरकत्या पोलची खालची नळी दर काही ट्रेकनंतर अर्धा फेरा फिरवून लॉक करा. कलती झीज मग एकाच अंगावर साचत नाही. याला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी हे करताना मी फार कमी जणांना पाहिलंय.

नव्या टिपच्या पहिल्या चालीनंतर मार्करची रेघ पुन्हा बघा. टिप रेघेवरून अजून थोडी वर सरकलेली असेल तर ठीक, खाली उतरलेली असेल तर काढून माप पुन्हा घ्यायचं.