व्हॉलंटरी डिडक्टिबल घेताय? मग या चुका टाळा

गाडीची पॉलिसी ऑनलाइन रिन्यू करताना 'व्हॉलंटरी डिडक्टिबल'चा, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम स्वतःहून खिशातून भरण्याचा पर्याय समोर येतो. त्यावर खूण केली की प्रीमियम लगेच उतरतो, आणि बरेच जण तेवढ्यावर खूश होऊन पैसे भरून टाकतात. क्लेमच्या वेळी खिशातून किती जाईल, हे कुणी बघत नाही.

मुळात क्लेममधली पहिली रक्कम तुम्ही काही न निवडताही भरतच असता. खासगी कार १५०० सीसीपर्यंतची असेल तर १,००० रुपये, त्यावरची असेल तर २,००० रुपये सक्तीची कपात होते. गॅरेजवाले तिलाच 'फाईल चार्ज' म्हणतात. व्हॉलंटरी रक्कम तिच्या जागी येत नाही, तिच्यावर चढते. म्हणजे छोट्या गाडीला ५,००० ची व्हॉलंटरी घेतली, तर दर क्लेमला ६,००० तुमचे.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे 'सवलत जास्त, म्हणून मोठा आकडा'. जुन्या इंडिया मोटर टॅरिफमधलं (वाहन विम्याच्या दरपत्रकातलं) खासगी कारचं कोष्टक असं आहे: २,५०० ला २० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ७५० रुपये. ५,००० ला २५ टक्के, कमाल १,५००. ७,५०० ला ३० टक्के, कमाल २,०००. १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५००. कंपनीगणिक आकडे बदलू शकतात, पण ही कमाल मर्यादा नीट पाहा. ७,५०० वरून १५,००० वर गेलात, तर आणखी साडेसात हजारांचा भार अंगावर घेऊन वर्षाला जास्तीत जास्त ५०० रुपये वाचतात. हा सौदा मला तरी कधीच पटलेला नाही. ५,००० च्या टप्प्यात पूर्ण सूट मिळाली, तर सव्वातीन-साडेतीन वर्षं क्लेम न येता गेल्यावर हिशोब बरोबरीत येतो. १५,००० ला तीच सहा वर्षं लागतात.

ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर मिळते. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) दर सरकार ठरवतं, तिथे एक पैसा कमी होत नाही. जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, घसरलेली असते, त्यामुळे ओन डॅमेजचा प्रीमियमच लहान असतो. ३,००० वर २५ टक्के म्हणजे ७५० रुपये, आणि त्यासाठी ५,००० ची जोखीम!

मग ही सोय घ्यायचीच नाही का? ज्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोचलाय, त्याने विचार जरूर करावा. बंपर घासला म्हणून तो क्लेम टाकतच नाही, कारण एका क्लेमने साचलेला बोनस शून्यावर येतो. छोटा खर्च तो तसाही स्वतः करतो, त्यामुळे २,५०० किंवा ५,००० ची मर्यादा त्याला फारशी जाचत नाही. उलट गाडी नवी, चालवणारा नवशिका आणि पार्किंग रस्त्यावर असेल, तर व्हॉलंटरी रक्कम शून्यच बरी. एकच कसोटी लावा: उद्या गॅरेजने डिलिव्हरीआधी तेवढी रक्कम मागितली, तर उसनवारी न करता देता येईल का?

झिरो डेप (झिरो डेप्रिसिएशन) हे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारं जोडसंरक्षण, घेतलं की कपात संपली, असं समजू नका. त्यातून प्लास्टिक, धातूच्या भागांचा घसारा, म्हणजे जुनेपणापोटी होणारी वजावट, वाचतो. डिडक्टिबल वेगळं आणि ते कापलं जातंच. इंजिन प्रोटेक्टसारख्या ॲड-ऑनला कधी कधी स्वतंत्र कपात असते, ती पॉलिसीच्या अटींत सापडेल.

बिलात कपात दोनदा दिसली तर? पुढचा बंपर एका दिवशी आणि मागचा दरवाजा दुसऱ्या दिवशी ठोकला असेल, तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) दोन घटना धरतो आणि दोन्हींवर कपात लावतो. घटना खरोखर एकच असेल, तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, फोटो आणि तारीख जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि तक्रारीला फी लागत नाही.