अनोळखी माणसासोबत डोमेनचा सौदा करताय? या चुका टाळा

आमच्या वरुड-मोर्शीकडं सध्या ज्याला त्याला संत्र्याची वेबसाईट पाहिजे. कोणाला व्यापाऱ्याला बगीचा न देता थेट माल विकायचा आहे, कोणाची नवीन शेतकरी उत्पादक कंपनी झाली आहे, अन् काही हुशार पोरांनी मागंच हजाराच्या आत चांगली चांगली वेबसाईटची नावं, म्हणजे डोमेन, घेऊन ठेवली होती ती आता विकायला काढली आहेत. यात वाईट काहीच नाही, उलट मला आनंदच वाटतो. पण तालुक्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, सातबारा, पीकविम्याच्या फॉर्मसोबत डोमेन अन् होस्टिंगचं (वेबसाईट ठेवायच्या जागेचं) कामही करतो, त्यामुळे सौदा फिसकटला की लोक माझ्याकडेच येतात आणि प्रत्येक वेळी चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पैसे आणि डोमेन एकाच क्षणी इकडचे तिकडे होत नाहीत. कोणाला तरी आधी हात सोडावा लागतो, अन् फसवणारा त्या मधल्या वेळातच आपलं काम उरकतो. तुम्ही विकणारे असा की घेणारे, तो मधला वेळ कोणाच्या भरवशावर जाणार आहे हे सौदा ठरायच्या आधी ठरलं पाहिजे.

यासाठीच एस्क्रो असते, म्हणजे दोघांच्या मधे पैसे सांभाळणारी तिसरी कंपनी. घेणारा पैसे एस्क्रोकडे भरतो, पैसे आले की एस्क्रो विकणाऱ्याला कळवते, मग विकणारा डोमेन देतो, घेणारा ते आपल्या खात्यात आलं का बघून हो म्हणतो आणि त्यानंतर विकणाऱ्याचे पैसे सुटतात. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हे काम करते, सेडो आणि आफ्टरनिकसारख्या डोमेनच्या बाजारातही सौदा त्यांच्यामार्फत पुरा करायची सोय आहे. फी लागते, ती कोण भरणार हे आधी बोलून घ्या. फी वाचवायला एस्क्रो टाळणारे लोक मला अजिबात समजत नाहीत, लाखाचा सौदा करायचा अन् फीसाठी जीव तुटतो.

समोरच्यानं पाठवलेल्या लिंकवरून एस्क्रो उघडणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण यात माणूस सावध असूनही फसतो. आमच्या बाजूच्या गावातल्या एका पोराकडं संत्र्याच्या नावाचं छान डॉट कॉम होतं. व्हॉट्सॲपवर एक जण आला, म्हणे मी दुबईत फळं मागवतो, नाव पाहिजे, ८५ हजार देतो. पोरगा काही बावळट नव्हता, त्यानं एस्क्रोबद्दल वाचलं होतं. समोरचा स्वतःच म्हणाला की आपण एस्क्रोतूनच करू, आणि लिंक पाठवली. पोराला वाटलं, माणूस खरा आहे. वेबसाईट हुबेहूब तशीच, लोगो तोच, रंग तोच. खातं उघडलं, दुसऱ्या दिवशी मेल आला की रक्कम जमा झाली आहे, २४ तासांत डोमेनचा ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) द्या नाही तर व्यवहार रद्द होईल. यानं डोमेन हलू नये म्हणून असलेलं लॉक काढलं अन् कोड देऊन टाकला.

माझ्याकडं तो त्यानंतर आला, आणि तक्रार घेऊन नाही तर पैसे भरायला आला. एस्क्रोकडून आणखी एक मेल होता की रक्कम सोडण्याआधी ४,२०० रुपये इन्शुरन्स चार्ज भरावा, खाली क्यूआर. मला म्हणतो, “दादा, पैसे जमा झाल्याचा मेल आला, मंग मले दिसून काहून नाही रायले?”

मी त्याला मेल पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचायला लावला. मूळ कंपनीचं नाव होतं, मग एक आडवी रेघ, मग एक जास्तीचा शब्द. तो पत्ता आयकॅनच्या (डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणारी संस्था) लुकअपवर, म्हणजे डोमेनची नोंद शोधायच्या पानावर, टाकला, तर ते डोमेन नोंदवून तीन आठवडेही झाले नव्हते. १९९९ पासून चालणाऱ्या कंपनीचं डोमेन तीन आठवड्यांचं कसं असेल? तरी पोरगा म्हणतो, “पण वर कुलूप तं हाय ना दादा.” ब्राउझरमधलं ते कुलूप एवढंच सांगते की तुमच्या मोबाईलपासून त्या वेबसाईटपर्यंतची माहिती मधे कोणी वाचू शकत नाही. पलीकडं कोण बसलं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून त्या कुलपाचं सर्टिफिकेट फुकट मिळते, चोरालाही मिळते.

मग त्याचं रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलं होतं तिथलं, खातं उघडलं. ट्रान्सफर पेंडिंग दिसत होती. डॉट कॉम एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा जुना रजिस्ट्रार मालकाला मेल टाकतो की अशी अशी ट्रान्सफर मागितली आहे, मान्य नसेल तर इथं नाकारा. पाच दिवसांत उत्तर दिलं नाही तर तुमची हरकत नाही असं धरून डोमेन निघून जातं. याचा तो मेल जीमेलच्या प्रमोशनच्या कप्प्यात सेलच्या जाहिरातींखाली न वाचता पडला होता आणि एकच दिवस उरला होता. तेवढ्यात लाईन गेली, मग मोबाईलवरूनच ट्रान्सफर नाकारली, लॉक परत लावलं, ऑथ कोड बदलला, मेलचा अन् खात्याचा पासवर्ड बदलून दोन्हीकडे टू-स्टेप लॉगिन चालू केलं. संध्याकाळपर्यंत त्या दुबईवाल्यानं आधी शिव्या घातल्या अन् मग नंबर बंद.

हे वाचलं कारण दोन वेगळ्या रजिस्ट्रारमधली ट्रान्सफर होती. दोघांचंही खातं एकाच कंपनीत असतं आणि पोरानं आतल्या आत पुश केलं असतं, म्हणजे त्याच कंपनीतल्या दुसऱ्या खात्यात सरकवलं असतं, तर बहुतेक ठिकाणी ते मिनिटांत होऊन जाते, पाच दिवसांची ती फट मिळतच नाही. पुश सोपं आहे म्हणून नवीन पोरं खूश असतात, पण विकणाऱ्यानं पुशच्या बटनाला हात लावायच्या आधी पैसे नक्की कुठं आहेत हे दोनदा बघावं.

माझी पद्धत सांगतो. एस्क्रोचा पत्ता मी स्वतः हातानं टाईप करतो, गुगलवर शोधूनही उघडत नाही कारण वर जाहिराती असतात. व्यवहारही शक्यतो मीच सुरू करतो, माझं गिऱ्हाईक विकणारं असलं तरी. पैसे जमा झाल्याचा मेल आला तर तो बंद करायचा, वेगळ्या टॅबमध्ये लॉगिन करून आतमध्ये तसं दिसते का बघायचं, अन् तिथं दिसलं तरच पुढं. समोरचा म्हणाला की नाही, माझीच एस्क्रो वापरा, तर सौदा तिथंच थांबवायचा, कितीही चांगला भाव असो.

नेमसर्व्हर बदलले म्हणजे डोमेन आपलं झालं असं समजणं

ही घेणाऱ्यांची चूक आणि यात शिकलेले लोकही येतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं हळदीसाठी एक नाव ऑनलाईन भेटलेल्या माणसाकडून विकत घेतलं. पैसे दिले, त्या माणसानं नेमसर्व्हर (नाव टाकलं की कुठली वेबसाईट उघडायची हे ठरवणारी सेटिंग) यांच्या होस्टिंगकडे वळवले, वेबसाईट चालू झाली. पॅकेटवर नाव छापलं, कृषी प्रदर्शनात बॅनर लागले. वर्ष संपत आलं तेव्हा एक दिवस वेबसाईटच्या जागी भलतंच पान. अध्यक्ष काका मला फोनवर म्हणाले, “अहो, पण आम्ही पूर्ण पैसे देले होते!” दिले होते, पावतीही होती. पण डोमेन होतं त्या माणसाच्याच खात्यात, नोंदीत मालक तोच, रिन्यूचा मेल त्यालाच जायचा. त्यानं ते परत दुसऱ्याला विकलं.

वावर तुम्ही वाहता, पीक तुम्ही घेता, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर काय होते हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगायला नको. इथंही तेच आहे. नेमसर्व्हर म्हणजे फक्त वहिवाट. मालकी त्याची, ज्याच्या रजिस्ट्रार खात्यात डोमेन आहे आणि नोंदीत रजिस्ट्रंट (मालक) म्हणून ज्याचं नाव-ईमेल आहे.

म्हणून घेणाऱ्यानं आधी स्वतःचं खातं उघडावं, स्वतःच्या ईमेलनं, कंपनीचं असेल तर कंपनीच्या ईमेलनं, वेबसाईट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलनं नाही. मग डोमेन त्या खात्यात आलं पाहिजे. आल्यावर रजिस्ट्रंटची माहिती बदला, ऑटो-रिन्यू लावा, लॉक लावा, नेमसर्व्हर आणि मेल फॉरवर्डिंगमध्ये जुन्या मालकाचं काही राहिलं का बघा, आणि हे सगळं झाल्यावरच एस्क्रोला हो म्हणा. काही विकणारे म्हणतात, मी माझ्या खात्याचा आयडी-पासवर्डच देतो, कटकट नको. घेऊ नका. खातं त्याच्या ईमेलवर आहे, पासवर्ड विसरलो म्हणून तो कधीही परत आत येतो.

काकांना म्हटलं होतं की ट्रान्सफर करून घ्या, तर तेव्हा उत्तर आलं की प्रदर्शन परवावर आहे, आता वेळ नाही. ही जी परवाची घाई असते ना, तिनंच जास्त नुकसान होते. डोमेनच्या कामाला वेळ लागतोच, त्याचा आदर करा.

बाकीच्या चुका

पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवणं. स्क्रीनशॉट बनवायचे ॲप मिळतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक बघा, आलेला एसएमएसही पुरावा नाही.

पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करणं किंवा पिन टाकणं. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, यायला कधीच लागत नाही. हे कितीदा सांगायचं.

स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या.

विकणाऱ्यानं कार्डनं थेट पैसे घेणं. कार्ड चोरीचं निघालं किंवा घेणाऱ्यानं वाद घातला तर चार्जबॅक होऊन पैसे आठवड्या-महिन्यांनीही परत ओढले जातात, तोवर डोमेन गेलेलं असते.

किंमत ठरवल्याचं सर्टिफिकेट. समोरचा मोठा भाव सांगतो आणि म्हणतो अमुक साईटवरून अप्रेझलचं सर्टिफिकेट काढून द्या, माझ्या पार्टनरला दाखवायचं आहे. ती साईट त्याचीच असते. तुम्ही फी भरता, घेणारा गायब. खऱ्या घेणाऱ्याला असा कागद लागत नाही.

साठ दिवसांचं लॉक न विचारणं. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच रजिस्ट्रार बदललेलं डॉट कॉम ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही, मालकाची माहिती बदलल्यावरही बऱ्याचदा हे लॉक लागते. पैसे देऊन मग हे कळलं की भांडणं होतात. त्याच रजिस्ट्रारमध्ये पुश बहुतेक होऊ शकते, ते आधी विचारून घ्या.

एक्सपायर तारीख न बघणं. मुदत संपलेलं डॉट कॉम रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे डिलीट व्हायच्या आधी सोडवून घ्यायच्या मुदतीत, गेलं की ३० दिवस जास्तीचे पैसे भरूनच सुटते, त्यानंतर ५ दिवसांत डिलीट होऊन बाजारात मोकळं. अशा नावाचा सौदा करूच नका, आधी त्याला रिन्यू करायला सांगा.

नाव नुसतं डोळ्यानं वाचणं. दोन इंग्रजी अक्षरं जवळ आली की तिसऱ्यासारखी दिसतात, रशियन लिपीतली काही अक्षरं तर इंग्रजीसारखीच दिसतात. विकणाऱ्यानं पाठवलेलं नाव कॉपी करून लुकअपमध्ये टाका आणि तेच नाव हातानं टाईप करूनही टाका, दोन्ही निकाल जुळले पाहिजेत. एक्स एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं नाव दिसलं तर थांबून बघा. आपली देवनागरीतली डॉट भारत नावंही आतमध्ये तशीच साठवतात, त्यामुळे तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही, पण इंग्रजी म्हणून विकलं जाणारं नाव तसं निघालं तर सोडा.

आता ट्रेडमार्कचं जरा सविस्तर, कारण याला लोक अगदीच हलकं घेतात. मोठ्या कंपनीच्या नावाला ‘विदर्भ’ किंवा ‘नागपूर’ जोडून डोमेन घ्यायचं आणि त्यांनाच विकायचं, ही युक्ती दर महिन्याला कोणी ना कोणी मला सांगायला येते. ते करू नका. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्सच्या निकालात सांगून ठेवलं आहे की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकते. नावाच्या वादाची तक्रार करायला डॉट कॉमसाठी आयकॅनची यूडीआरपी ही पद्धत आहे, डॉट इनसाठी निक्सीची (डॉट इन नावं सांभाळणारी संस्था) आयएनडीआरपी. तक्रार सिद्ध झाली की नाव जाते आणि तुम्ही घेणारे असाल तर दिलेले पैसेही गेले. घ्यायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाईटवर फुकट शोध घेता येतो, आणि वेबॅक मशीनवर (वेबसाईटची जुनी पानं जपून ठेवणारी साईट) त्या नावावर आधी काय चालायचं तेही बघा. जुगाराची साईट चालून बदनाम झालेलं नाव लोक हळदीसाठी घेतात, मग मेल स्पॅममध्ये का जाते म्हणून विचारतात.

फसलात तर

आधी रजिस्ट्रार. खात्यात जाऊन ट्रान्सफर पेंडिंग असेल तर नाकारा, आणि त्यांच्या सपोर्टला लेखी कळवा की ही ट्रान्सफर फसवून घेतली आहे. गेली असेल तरीही कळवा, जुना रजिस्ट्रार नव्या रजिस्ट्रारशी बोलू शकतो, अन् जितकं लवकर तितकं बरं, कारण चोर ते पुढं विकून टाकतो.

पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. घरी विचार करत दोन दिवस घालवू नका, पैसे समोरच्या खात्यातून निघायच्या आत रोखता आले तर येतात. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर जवळ ठेवा. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, मेलही तसेच राहू द्या. ठाण्यात जाताना अर्ज एका पानाचा, साध्या मराठीत लिहून न्या: डोमेनचं नाव, ते कधी घेतलं त्याचं बिल, कोणत्या कंपनीकडे होतं, किती पैसे, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवरून बोलणं झालं. लिहून घेणाऱ्याला डोमेन माहीत असेलच असं नाही, म्हणून वर बिल जोडा, बिलावर तुमचं नाव असलं की पुढचं बोलणं सोपं जाते.