दूर राहून परदेशातील वर्गासाठी स्वयंसेवा: या चुका टाळा

साधने तुटपुंजी असलेल्या परदेशी शाळेसाठी घरबसल्या शैक्षणिक सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या स्वयंसेवकांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळी चाचणी स्वतःच्याच संगणकावर उरकणे. आपल्याकडे इंटरनेट अखंड चालू असते. त्यामुळे धड्याच्या पानावरील फॉन्ट किंवा गणिती सूत्रे दाखवणारा कोड बाहेरच्या सर्व्हरवरून येतो आहे, हे ध्यानातच येत नाही आणि वर्गात मात्र इंटरनेट नसल्याने ते पान अर्धवट किंवा कोरे दिसते. म्हणून ब्राउझरची कॅशे, म्हणजे आधी उघडलेल्या पानांचा त्याने साठवलेला भाग, रिकामी करावी, वायफाय बंद करावे आणि मगच प्रत्येक धडा उघडून पाहावा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. किविक्सची (इंटरनेटशिवाय विकिपीडियासारखे साहित्य वाचू देणाऱ्या सॉफ्टवेअरची) एक मोठी फाइल ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्यायला मी एका शिक्षिकेला सांगितले होते. त्यांनी ‘पेन ड्राइव्ह भरला’ असे कळवले आणि मी काहीही न विचारता दुसरा आणायला सांगितला, तोही ‘भरला’. अखेर पडद्याचा फोटो मागवला, तेव्हा उलगडा झाला: जागा भरपूर होती, पण फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवताच येत नाही. ड्राइव्हवरचे आधीचे साहित्य दुसरीकडे उतरवून तो ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम होते. मात्र शाळेतला जुना संगणक एक्सफॅट वाचतो का, हे आधी पाहावे. शिवाय दोषाचे वर्णन कधीही ऐकीव घेऊ नये, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा मागवावा.

रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर कोलिब्रीसारखा (इंटरनेटशिवाय धडे पुरवणारा) सर्व्हर बसवताना वीज मध्येच जाणार, हे गृहीत धरलेले बरे. मेमरी कार्डवर माहिती साठवली जात असताना वीज गेली तर ती बिघडू शकते. त्यामुळे तयार कार्डाची दुसरी प्रत शाळेतच ठेवावी. पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, आणि इंटरनेट नसल्यामुळे वीज परत आल्यावर त्याची वेळ मागेच राहते. मुलांच्या प्रगतीच्या नोंदींवर चुकीच्या तारखा दिसू लागल्या, तर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यापूर्वी वेळ तपासावी. घड्याळाचा छोटासा जोड भाग बसवला की ही कटकट मिटते.

शिक्षकांना न विचारता साहित्य निवडणे ही चूक तांत्रिक नाही, पण अधिक खोल आहे. नुसती साधने पुरवून भागत नाही: मुलांना लॅपटॉप देण्याच्या योजनेबाबत पेरूमधील ३१९ ग्रामीण शाळांचा इंटर-अमेरिकन विकास बँकेने केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते, तरी गणित व भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. येत्या महिन्यात कोणता पाठ शिकवायचा आहे आणि तो कोणत्या भाषेत, एवढे दोन प्रश्न आधी विचारले तरी निम्मे अनावश्यक काम वाचते.

मुख्य पासवर्ड फक्त आपल्याजवळ ठेवण्याचा मोह तर सर्रास दिसतो. तो कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात असावा. आणि काम सोपवण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर शिक्षकांना सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे, त्या वेळी आपण एक शब्दही न बोलता पाहत राहावे. ते जिथे अडखळतील, तिथलीच सूचना पुन्हा लिहायची असते.