बीएमटीनंतर गोव्यातल्या घरी: संसर्ग कसा टाळायचा

मुंबई, वेल्लोर किंवा बेंगळुरूला बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) करून पेशंट गोव्यात परततो, तेव्हा त्याचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, बहुधा बरा असतो. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की नव्या पेशी रुजल्या असं धरतात, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण न्यूट्रोफिल मुख्यतः जिवाणूंचा आणि काही बुरशींचा बंदोबस्त करतात. विषाणूंना आवरणाऱ्या लिम्फोसाइट पेशी तयार व्हायला वेळ लागतो. स्वतःच्याच पेशी दिल्या असतील तर काही महिने, दात्याच्या असतील तर निदान वर्षभर. जीव्हीएचडी झालं (दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटल्या) आणि स्टिरॉइड चालू राहिलं तर त्याहून जास्त.

या काळात घरातले लोक राबतात खूप, पण बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी. रोज चादरी उकळतात, वर्तमानपत्रावर सॅनिटायझर मारतात, आणि कपाटामागची भिंत काळी पडलेली कोणी बघत नाही. किंवा ताप आला की आधी क्रोसिन देऊन रात्र काढतात.

ताप

थर्मामीटर डिजिटल घ्या, काखेत किंवा तोंडात लावा. गुदद्वारात कधीही नाही, तिथली त्वचा फाटली की जिवाणूंना थेट रक्तात वाट मिळते. 100.4 फॅरनहाइट दिसलं की ट्रान्सप्लांट सेंटरला फोन करायचा. 101 गेला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर फोन करत करतच निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप उतरतो आणि जंतू आत वाढत राहतो. स्टिरॉइड घेणाऱ्याला ताप येतोच असं नाही. थंडी वाजून हुडहुडी भरणं, धाप लागणं, बीपी उतरून चक्कर येणं, उगाच गुंगी येणं याला तापाइतकंच गंभीर धरा.

हॉस्पिटलात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. काणकोणहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेज) यायलाच तासाभराहून जास्त लागतो, हे लक्षात घेऊन तयारी घरी परतल्या दिवशीच करायची. जवळचं कुठलं हॉस्पिटल रात्री ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घेऊन पहिला डोस देऊ शकतं, ते सेंटरच्या डॉक्टरांना स्थानिक डॉक्टरांशी बोलायला लावून ठरवून घ्या. डिस्चार्ज समरी, औषधांची यादी, सेंटरचा फोन नंबर आणि 'ट्रान्सप्लांट पेशंट, ताप असल्यास तातडीने अँटिबायोटिक' असं डॉक्टरांच्या सहीचं पत्र, एवढं एका फाइलीत घालून ती दाराजवळ ठेवा. गाडी नसेल तर 108.

ओल

गोव्यात सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे. जून ते सप्टेंबर हवा ओलीच्च असते, चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतात, आणि अस्परजिलससारख्या बुरशीचे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. धडधाकट माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो बरा करणं फार अवघड जातं.

पेशंट यायच्या आधी त्याच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि टॉर्च लावून मागे बघा. खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, पलंगाखालची फळी, एसीच्या जाळीची आतली बाजू हेही बघा. काळे-हिरवे ठिपके दिसले तर पेशंट घरात नसताना स्वच्छ करायचं, कारण घासताना कण सगळीकडे उडतात. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून पुसायचं. पुसणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ब्लीचमध्ये फिनेल किंवा न्हाणीघराचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. पण पाणी झिरपत असेल तर ब्लीच वरवरचं काम करतं. कौलं, पन्हळ आणि भिंतीचा प्लास्टर मे महिन्यातच दुरुस्त करून घ्या. दुरुस्ती चालू असताना पेशंट दुसऱ्या घरी असावा, बांधकामाची धूळ बुरशीच्या दृष्टीने पावसाइतकीच वाईट.

खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, आकडा 60 टक्क्यांखाली राहायला हवा. एसी ड्राय मोडवर चालवला तर ओल कमी होते. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवायचा, तोही खोलीबाहेर नेऊन, पेशंटच्या हातून नाही. पाण्याचा कूलर नको. पावसात कपडे वाळवायची दोरी पेशंटच्या खोलीत बांधू नका. कापसाची जुनी गादी, वेताची खुर्ची, पुस्तकांची पेटी, कुंड्या, फुलदाण्या बाहेर. केर कोरडा काढू नये, ओल्या फडक्याने पुसावं.

बाहेर पडताना एन-95, झडप नसलेला आणि नाकावर घट्ट बसलेला. डिचोली-सांग्याकडे खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात तिथे गाडीच्या काचा बंद.

लाइन

हिकमन किंवा पिक लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल तर तिला हात लावायच्या आधी साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, मास्क लावायचा. लाइनच्या टोकाचं कॅप अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिनच्या पॅडने पंधरा सेकंद जोर लावून घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉझचं असेल तर दोन दिवसांनी. गोव्याच्या घामात मात्र हा हिशेब बिघडतो. ड्रेसिंगची एक कड सुटून वर आली, आत वाफ धरल्यासारखं दिसलं, की त्याच दिवशी बदला. सुटलेल्या कडेवर चिकटपट्टी मारून वेळ निभावणं हीच नेहमीची चूक, घाम आणि त्वचेवरचे जिवाणू त्याखाली अडकतात. आंघोळीच्या वेळी प्लॅस्टिकने झाका. समुद्र, नदी, विहीर, पूल, सगळं बंद. लाइन फ्लश केल्यावर (आतून धुतल्यावर) थोड्या वेळात हुडहुडी भरली तर लाइनमध्येच संसर्ग आहे असं धरून लगेच कळवा, नंतर बरं वाटलं तरी.

तोंडासाठी मऊ ब्रश, आणि ग्लासभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा गुळण्या.

जेवण

न्यूट्रोपेनिक डाएटच्या (पांढऱ्या पेशी कमी असतानाच्या कडक पथ्याच्या) नावाखाली पेशंटला फिकं, बेचव जेवण देऊन त्याचं वजन उतरवायचं कारण नाही. 2023 साली इटलीतल्या चाचणीत असं दिसलं की नीट धुतलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांना कडक पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा संसर्ग जास्त झाला नाही. पण ते स्वच्छ हाताळलेल्या अन्नाबद्दल आहे. तुमच्या सेंटरचा नियम वेगळा असेल तर तोच पाळा.

पेज, भाजी, वरण, हुमण चालतं. नारळ आमटीत उकळला की हरकत नाही. सोलकढी नाही: हाताने पिळलेला कच्चा रस, उकळता येत नाही, आणि उन्हात तासाभरात बिघडू लागतो. ओल्या खोबऱ्याची चटणीही त्याच कारणाने नको. बांगडा किंवा इसवण काट्यापासून सुटेपर्यंत शिजवा. तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे पाणी गाळून जगणारे जीव, त्यांच्यात विब्रिओ हा जिवाणू साठतो, म्हणून वर्षभर टाळलेलेच बरे. पावसाळ्यात सुकी मासळी नको, तिच्यावरची बुरशी डोळ्यांना दिसत नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक गरम करून द्या. मिरपूड आणि मसाला उतरवल्यावर वरून भुरभुरायचा नाही, उकळतानाच घाला. शिजवलेलं दोन तासांत खावं किंवा फ्रिजमध्ये जावं. विहिरीचं असो वा नळाचं, पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळा, फिल्टर असला तरी. शहाळं घरी धुवून, घरच्या स्वच्छ सुरीने फोडून लगेच प्यायला हरकत नाही, रस्त्याकडेच्या कोयत्याचं नको. घरचं दही आणि प्रोबायोटिक विचारल्याशिवाय नाही.

गोळ्या

कोट्रायमोक्साझोल न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळतं, असायक्लोव्हिर नागीण आणि हर्पिस (दात्याच्या पेशी असतील तर सहसा निदान वर्षभर), बुरशीची गोळी बुरशी. बरं वाटतंय म्हणून यातली एकही सोडायची नाही. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची पातळी तपासायची असेल त्या सकाळी डोस न घेता रक्त द्यायचं, नाहीतर आकडा चुकीचा येतो. बुरशीची गोळी (व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल) टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. गावातल्या डॉक्टरांनी ती बंद केली किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर सगळा तोल बिघडतो. म्हणून दुसऱ्याने दिलेली प्रत्येक गोळी सेंटरला विचारून.

चतुर्थीला माटोळीतली (गणपतीवर टांगलेल्या चौकटीतली) फळं वाटली जातात, त्यात पपनस असतं. ते आणि चकोतरा (ग्रेपफ्रूट) टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतात, टाळा. गुळवेलाचा काढा कितीही आग्रह झाला तरी नाही, यकृताला इजा होऊ शकते.

माणसं

चतुर्थीला घर भरतं. आरतीच्या गर्दीत पेशंटने बसू नये, पण त्याला कोंडूनही ठेवू नका. सर्दी-खोकला नसलेले दोघे-तिघे, हात धुऊन, मास्क लावून, व्हरांड्यात भेटले तर चालतं. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. लहान मूल असेल तर पल्स पोलिओच्या थेंबांची अडचण येते: तो जिवंत विषाणू मुलाच्या शौचातून बाहेर पडतो. घरातल्या मुलाला इंजेक्शनची पोलिओ लस देता येईल का ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. थेंब किंवा रोटाव्हायरसची लस दिली गेली असेल तर पुढचे चार-सहा आठवडे पेशंटने लंगोट बदलू नयेत.

अंगण आणि कुळागर

माती, शेणखत, सारवण, गोठा, मांजराची विष्ठा, यांपासून दूर. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) अनवाणी चालू नये: स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत तळव्यातून शिरतो आणि स्टिरॉइडवर असलेल्या माणसात जिवावर बेततो. साचलेल्या पाण्यात पाय नको, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका आहे. मच्छरदाणी हवीच, डेंगीत प्लेटलेट आणखी उतरतात. सत्तरीत डिसेंबर ते मे काजूच्या बागेत आणि रानात जाऊ नये, गोचिडांमुळे माकडताप होतो.

ट्रान्सप्लांटमध्ये जुन्या लसींचं संरक्षण बहुतेक पुसलं जातं, म्हणून सगळ्या पुन्हा घ्याव्या लागतात. न्यूमोकोकलची सुरुवात सहसा तीन ते सहा महिन्यांनी, फ्लू आणि बाकीच्या निर्जीव लसी सहा महिन्यांच्या आसपास. गोवर-गालगुंड-रुबेला मात्र दोन वर्षांच्या आत नाही, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दाबणारं औषध बंद झालेलं असेल तरच. सेंटरकडून लसींचं तारखांसकट कार्ड लिहून घ्या आणि त्याच फाइलीत ठेवा, गावातल्या दवाखान्यात तेच दाखवून लस मागायची असते.