क्वीअर स्त्रीचं आत्मकथन: नावं बदलून भागत नाही

आत्मकथन अडतं ते दुसऱ्या माणसांपाशी. तुम्ही घरी सांगून मोकळ्या झाल्या असाल. तुमच्या पानांतली मैत्रीण तशी मोकळी झालेली नसते.

पहिला खर्डा खऱ्या नावांनीच लिहा. नावं लपवत लिहिलं की प्रसंगही अंग चोरतात. खर्डा झाला की वहीत प्रत्येकीपुढे तिच्या खुणा मांडा: वस्ती, घरचा धंदा, भावंडांतला क्रम, नोकरी, लग्नाचं वर्ष. ‘नागपूरच्या महाल भागातली, वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान, तिघी बहिणींत धाकटी’ एवढं छापलं की नाव काहीही ठेवा, नागपुरात ती ओळखली जाणारच. या तीनपैकी निदान दोन खुणा बदला. वडिलांना रेल्वेत नोकरी द्या, घर अजनीला न्या. ज्या खुणेवर प्रसंग उभा आहे तिला मात्र हात लावू नका. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत दोघींनी हात धरला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर तिथे मारबतच हवी. तेवढ्यानेही माणूस झाकत नसेल तर तो प्रसंग कादंबरीसाठी ठेवा, आणि तिथेही दोघींचं मिळून एक पात्र घडवा.

जिच्याबद्दल लिहिलंय तिला तिची पानं आधी दाखवा. होकार लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. नकार आला तर पानं काढायची.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. बदनामीचा खटला मात्र होऊ शकतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६). तिथे मजकूर खरा असून पुरत नाही, तो छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. म्हणून घरातल्या मारहाणीबद्दल लिहिताना दवाखान्याचे कागद, मेसेज, जुन्या डायऱ्या जपून ठेवा आणि ती प्रकरणं छपाईआधी वकिलाला वाचायला द्या.

आईला खलनायिका करणं फार सोपं असतं. मुलीचं कळल्यावर त्या बाईला सासरी, नात्यात कुणाकुणाला जाब द्यावा लागला, ते लिहा. घराची उतरंड तिथे दिसते. तिचं ‘काय करून राहिली वं?’ तसंच राहू द्या. प्रमाण मराठीत घातलं की ती दुसऱ्याच घरची वाटते.

दिवाळी अंकासाठी स्वतंत्र वाचता येईल असं अडीच-तीन हजार शब्दांचं एक प्रकरण जून-जुलैपर्यंत पाठवा. पुस्तकाचा हिशेब असा: डेमी आकारात पानाला साधारण २७५ शब्द, सोळा पानांचा एक फॉर्म. चाळीस हजार शब्दांना सुरुवातीच्या पानांसह दहा फॉर्म, म्हणजे १६० पानं लागतात.

टोपणनावाने लिहायचं असेल तर करार खऱ्या नावाने करा, कारण मानधन बँकेत त्याच नावावर येतं. खरं नाव उघड न करण्याचं कलम त्यात लिहून घ्या. फाइल पाठवण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘ऑथर’च्या रकान्यातलं नाव पुसा. ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्सवरही खरं नाव राहतं, तेही काढा आणि मगच पीडीएफ करा.