बातमीवर नोटीस आली, आता?

बदनामीच्या नोटिशीचं पाकीट हातात पडलं की त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीट जपून ठेवा. सात वर्षं बातमीदारी करून मी वकिलीत आले. माझ्याकडे येणारे वार्ताहर नोटीस आणतात, पाकीट मात्र फेकून दिलेलं असतं. उत्तराची मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजतात आणि पोस्टाचा शिक्का पाकिटावरच असतो.

समोरच्याला फोन किंवा मेसेज करू नका. एका तरुण वार्ताहराने घाबरून रात्री अकराला व्हॉट्सॲप केलं, ‘साहेब, चुकून छापलं गेलं.’ बातमी खरी होती, कागद हातात होते. तरी पुढे आम्ही बातमीपेक्षा त्या चार शब्दांवरच जास्त भांडलो. उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या.

आणि घाबरू नका, कारण वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. बदनामीचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस त्यात आपणहून तपास किंवा अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ही संधी वाया घालवू नका. फौजदारीत नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही. ते छापणं लोकांच्या हिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र बातमी छापून आल्यापासून एका वर्षातच लावता येतो. जुन्या बातमीवर नोटीस आली असेल तर आधी तारीख बघा.

बचाव खरा उभा राहतो तो बातमी लिहितानाच. माझी एक अशील बातमीदार वहीत प्रत्येक फोनची वेळ लिहायची: ‘११.४०, प्रतिक्रियेसाठी फोन, उचलला नाही. ४.१५, पुन्हा फोन, बोलायला नकार.’ समोरचा म्हणत होता, मला विचारलंच नाही. वहीचं ते पान दाखल केलं आणि त्याचा सूर बदलला. तुम्हीही अशी वही ठेवा. माहिती अधिकाराचं उत्तर जावक क्रमांकासह जपा. रेकॉर्डिंग मूळ फोनमधून पुसू नका, कारण कोर्टात त्यासोबत ते कोणत्या उपकरणातलं आहे हे सांगणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं.

बातमीवरून दुसरी एखादी तक्रार झाली आणि पोलिसांनी ‘जरा येऊन जा’ म्हटलं तर लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस असेल तर ठरल्या दिवशी वकिलाला घेऊन जाच. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. फोन जप्त केला तर चित्रीकरण करायला सांगा, ते त्याच संहितेच्या कलम १०५ने बंधनकारक आहे. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. पासवर्डचा विषय निघाला तर आधी वकिलाशी बोला.

सूत्राचं नाव न सांगण्याची कायद्यात लिहिलेली मुभा प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतीच आहे. म्हणून ते नाव वहीतही नको, फोनमध्येही नको. कोणी जिवावर उदार होऊन आपल्याला कागद देतं, त्याची जबाबदारी आपलीच.

वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला बातमीदारांना उत्पन्नाची अट नाही, हे त्यांतल्या अनेकींना ठाऊकच नसतं. हेल्पलाइन १५१०० आहे.